दोन्हीकडे इंग्रजीच, तरी इतकं परकं का वाटतं?

पत्र असं आहे :

"मी मूळची नाशिकची. लग्नानंतर आठ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहिले. तिथल्या एका शाळेत टीचिंग असिस्टंट होते. गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याची त्याच्याच कंपनीत न्यू जर्सीला बदली झाली आणि आम्ही एडिसनजवळ राहायला आलो. मुलगी नऊ वर्षांची आहे. सात महिने झाले, माझं मन इथे लागत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारीण हसत म्हणाली, 'एकदा भेटू या निवांत!' मी वाट बघत बसले, ती आजवर आली नाही. रेडिंगचे शेजारचे आजोबा वर्षभर फक्त हवापाण्याचं बोलले, पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर दारात सूप ठेवून जायचे. इथे सगळे गोड बोलतात आणि सगळं खोटं वाटतं. शाळेने मुलीला पाचवीऐवजी चौथीत घातलं. बसमध्ये तिने 'रबर' मागितला तर मोठी मुलं फिदीफिदी हसली, ती रडत घरी आली. आता ती इंग्रजी अमेरिकन ढंगात बोलायला लागली आहे, 'वॉटर'चं 'वॉडर' म्हणते. माझ्या काळजात चर्र होतं. तिचा कान दुखत होता म्हणून डॉक्टरकडे गेलो तर महिन्याभराने एक बिल आलं, मग दुसरं. साधा चहासुद्धा इथे लवकर होत नाही. नवरा म्हणतो, 'दोन्हीकडे इंग्रजीच बोलतात, तुला एवढा त्रास कसला होतोय?' मला कामाची परवानगी आहे की नाही हेही नीट माहीत नाही, त्यामुळे घरीच असते. माझीच तक्रारखोर वृत्ती झाली आहे का? परत जाण्याचा हट्ट धरू का?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तक्रारखोर झालेल्या नाही. हे पहिल्या ओळीत लिहिते आहे, कारण बाकीचं पत्र वाचायला तेवढा दिलासा हाताशी हवा. मी स्वतः नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सहून अमेरिकेतल्या ओहायोला गेले तेव्हा पहिलं वर्ष असंच काढलं आहे आणि मलाही घरून हेच ऐकावं लागलं होतं.

नाशिकहून रेडिंगला जाताना तुमची मनाची तयारी होती. परका देश, थंडी, वेगळी माणसं, चुका होणार, हे सगळं तुम्ही धरूनच चालला होता. घरच्यांनी समजून घेतलं, तुम्ही स्वतःलाही वेळ दिला. एडिसनला जाताना तो वेळ तुम्हाला कुणी दिला नाही. तुम्हीही मागितला नाही. भाषा तीच म्हणून देशही थोडाफार तसाच असेल असं सगळ्यांनी धरलं. खरं तर दुसरं स्थलांतर पहिल्याइतकंच मोठं होतं. तुमच्या यजमानांचा प्रश्न दुष्टपणाचा नाही, पण चुकीचा आहे. त्यांना ऑफिसात तेच सहकारी, तेच काम, तीच ईमेल मिळाली. तुम्हाला घराबाहेर पडल्यावर ओळखीचं काहीच मिळालं नाही. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

आता शेजारणीचं.

ती खोटं बोलली नाही. तिने जे म्हटलं त्याचा अर्थ "तुम्ही आलात, बरं वाटलं" एवढाच होता आणि तो मनापासूनचा होता. आपण नाही का म्हणत, "या ना एकदा घरी निवांत"? मंगल कार्यालयाच्या दारात असं दहा जणांना म्हणतो. त्यातलं कुणी दुसऱ्या दिवशी येऊन बसेल अशी अपेक्षा नसते आणि तरी त्यात लबाडी नसते. मराठीत हे वाक्य तुम्हाला बरोबर कळतं. इंग्लंडमध्ये "यू ऑलराइट?" म्हणजे तब्येतीची चौकशी नव्हे, नुसता नमस्कार आहे, हेही तुम्ही तिथे शिकलाच होता. एडिसनचं वाक्य तुम्ही अजून शिकत आहात.

पण यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. रेडिंगचे आजोबा तुमचे कसे झाले? तुम्ही रोज मुलीला घेऊन त्याच फुटपाथवरून शाळेत चालत गेलात. ते त्याच वेळी कुंपणाशी किंवा कचऱ्याच्या डब्याशी दिसले. कुणी कुणाला बोलावलं नाही, पण वर्षात दोनशे वेळा तुम्ही एकमेकांना दिसलात. ब्रिटिश ओळख अशी दिसण्यातून पिकते, हळू आणि पक्की. चालत जाण्याजोगी शाळा, बसथांबा, कोपऱ्यावरचं दुकान, गावाबाहेरच्या शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा हे सगळं त्या ओळखीच्या मागे असतं. न्यू जर्सीच्या उपनगरांत पुष्कळ रस्त्यांना फुटपाथच नाही. माणूस घरातून गाडीत, गाडीतून पार्किंगमध्ये जातो. योगायोगाने कुणी कुणाला दिसत नाही. म्हणून तिथे ओळख व्हायला तारीख लागते. तुम्ही वाट बघत बसलात तिथेच गाडी अडली.

तेव्हा बोलावणं तुम्ही करा आणि वार-वेळ घालून करा. "येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता चहाला याल का? साबुदाणे वडे करणार आहे." इतकं नेमकं. अमेरिकन माणूस याला चिकटपणा समजत नाही, उलट त्याला बरं वाटतं. ती नाही म्हणाली तर कारण सांगेल, बहुधा दुसरी तारीखही सुचवेल. नाहीच सुचवली तर पुढच्या घरी जा. इंग्लंडमध्ये दोन महिन्यांत असं बोलावलं असतं तर समोरचा संकोचला असता, म्हणून तुमचा हात आखडतो आहे, हे मी समजू शकते.

"सगळं गोड बोलणं खोटं" हेही जरा सोडवून बघू. इंग्लंडमध्ये कौतुक कमी करून सांगायची रीत आहे. "नॉट बॅड" म्हणजे छान, हे आठ वर्षांत तुमच्या अंगवळणी पडलं. अमेरिकेत कौतुक वाढवून सांगायची रीत आहे, म्हणून बाई मुलीच्या प्रत्येक चित्राला "ऑसम" म्हणतात. दोन्हीकडे खरं माप तेच असतं, फक्त एकीकडे काटा खाली लावलेला आणि दुसरीकडे वर. "क्वाइट गुड" हे शब्द तर दोन्ही देशांत सारखेच, पण इंग्लंडमध्ये ते "ठीक, बरं आहे" असे ऐकू येतात आणि अमेरिकेत "फारच छान" असे. म्हणून पेरेंट-टीचर कॉन्फरन्समध्ये स्वतःच्या मुलीबद्दल बोलताना जपून. "गणितात बरी आहे," असं आपण नम्रपणे म्हणतो. आपल्याकडे ते शोभतं, इंग्लंडमध्येही शोभतं. अमेरिकन शिक्षिका ते शब्दशः घेईल आणि मुलगी गणितात कच्ची आहे अशी नोंद करून मोकळी होईल. जे येतं ते सरळ सांगा.

यात माझा स्वतःचा तोटा झालेला आहे म्हणून एवढं लांबवते. ओहायोत एका प्रकल्पाच्या शेवटी वरिष्ठांनी विचारलं, यात तुमचं काम कोणतं? अर्ध्याहून अधिक काम मी केलं होतं. मी म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं." लीड्समध्ये असं म्हटल्यावर शेजारचा सहकारी लगेच म्हणाला असता, "नाही, खरं काम हिचं." इथे सगळे गप्प राहिले, कारण त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं. पुढच्या प्रकल्पात माझं नाव नव्हतं. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये हे आईने शिकवलेलं होतं आणि इंग्लंडने ते आणखी घट्ट केलं होतं. मला वाटतं, आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी बाईला इंग्लंड लवकर घरच्यासारखं वाटतं त्याचं हेही एक कारण आहे. त्यांचा संकोच आणि आपला संकोच एकमेकांना ओळखतात.

मुलीच्या बाबतीत आधी सगळ्यात सोपी गोष्ट. तिला मागे टाकलेलं नाही. इंग्लंडमध्ये चार वर्षांचं मूल रिसेप्शन नावाच्या वर्गात जातं आणि पाचव्या वर्षी यीअर वन सुरू होतं. अमेरिकेत पाचव्या वर्षी किंडरगार्टन आणि सहाव्या वर्षी फर्स्ट ग्रेड. म्हणून तिथला यीअर फाइव्ह म्हणजे इथला फोर्थ ग्रेड. वर्गातली सगळी मुलं तिच्याच वयाची आहेत. आकडा एकने कमी झाला आणि तुम्ही सात महिने ते मनाला लावून घेतलंत, याचं मला वाईट वाटलं. शाळेत कुणीतरी पहिल्या दिवशीच एका वाक्यात सांगायला हवं होतं.

"रबर"चं मात्र तिला स्पष्ट सांगून टाका. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ निरोध असा होतो, म्हणून मोठी मुलं हसली. तिची काही चूक नाही, नाशिकच्या शाळेत आणि रेडिंगच्या शाळेत तो साधा खोडायचा रबरच होता. इथे "इरेझर" म्हणायचं. "पँट्स"चं उलटं आहे. इंग्लंडमध्ये तो आतला कपडा, इथे बाहेरचा, त्यामुळे इथे त्यावरून कुणी हसणार नाही. एक शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही : "पेव्हमेंट". इंग्लंडमध्ये पेव्हमेंट म्हणजे फुटपाथ. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे गाड्या जातात तो डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता, फुटपाथला "साइडवॉक" म्हणतात. "पेव्हमेंटवर थांब" असं तिला कुणी सांगितलं तर तिच्या मनात काय येतं ते आजच विचारा. आणि इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना पहिली नजर डावीकडे. आठ वर्षांची सवय इंग्लंडची, त्याआधीची नाशिकचीही तीच, त्यामुळे ही गोष्ट तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त घोकावी लागेल. बऱ्याच चौकांत लाल दिवा असतानाही गाडीला थांबून, बघून उजवीकडे वळायची मुभा असते. इंग्लंडमध्ये ती नसते. पायी चालणाऱ्याने हे ध्यानात ठेवायलाच हवं.

"वॉडर"वर तिला टोकू नका. तुम्हाला वाटतं आहे की रेडिंग तिच्या जिभेवरून पुसलं जातंय. तिला वाटतं आहे की उद्या बसमध्ये कुणी हसू नये. नऊ वर्षांच्या मुलीने एवढी बचावाची सोय स्वतःहून केली, तर तिला ती असू द्या. मुलं दोन-तीन बोली सहज बाळगतात. रेडिंगच्या मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलताना तिचा "वॉटर" परत येतो का, ते ऐकून बघा. आणि तुमच्या घरात तिसरी बोली आहेच. न्यू जर्सीत मराठी माणूस भरपूर आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अमेरिकेत गावोगावी चालतात. जवळची शाळा शोधून तिला घाला. तिथे "हा कुठला उच्चार?" असं कुणी विचारत नाही, कारण सगळीच मुलं दोन-दोन भाषा सांभाळत आलेली असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, तिथला गणपती तुम्ही पाहिला असेल. एडिसनचा त्याहून वेगळा वाटेल, पण आरती तीच असेल.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण शाळेबद्दल एक गोष्ट मला वगळता येत नाही. न्यू जर्सीत शाळांना दर महिन्याला आगीच्या सरावाबरोबर सुरक्षेचा सरावही घ्यावा लागतो. दार लावून, दिवे घालवून मुलांनी कोपऱ्यात गप्प बसायचं. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला आणि पुढच्याच वर्षी हँडगनवर बंदी आली. अमेरिकेने तो रस्ता धरला नाही. बाकी सगळ्याची सवय करून घ्या म्हणेन, याची सवय करून घ्या असं मी म्हणणार नाही. मुलीला सराव काय असतो ते विचारा, तिला भीती वाटते का ते ऐका आणि शाळेच्या समुपदेशकाला गाठा. प्रत्येक सार्वजनिक शाळेत हा माणूस सहसा असतो आणि इतर बाबतींतही तो तुमच्या कामाला येईल.

आता बिलाचं. इथे तुमचा राग मला समजतो, पण राग नेमका कशावर आहे ते कळलं तर पुढच्या वेळी पैसे वाचतील.

एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, करांमधून चालणारी. तिथे दारात पैसे मागत नाहीत, एवढाच "फुकट"चा अर्थ. तुमच्या पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स ही सरकारी वर्गणी कापली जात होती. शिवाय व्हिसा असताना आरोग्य अधिभारही भरला असेलच. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला १,०३५ पौंड झाला. पैसे आधी दिलेले असल्यामुळे आजारपणात पैशाचा विचार करावा लागत नव्हता, आणि तेच खरं सुख होतं. अमेरिकेने त्याच दशकात दुसरी वाट धरली. १९४२ साली युद्धाच्या काळात पगारवाढीवर सरकारी मर्यादा आली, तेव्हा माणसं टिकवण्यासाठी कंपन्या आरोग्यविमा देऊ लागल्या आणि तीच पद्धत रुजली. म्हणून तुमचा विमा यजमानांच्या नोकरीला बांधलेला आहे.

घरी येणाऱ्या पाकिटांत "एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स" नावाचा कागद असतो. तो विमा कंपनीकडून येतो आणि ते बिल नसतं. त्यावर तसं छापलेलंही असतं. बिल दवाखान्याकडून येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते बघितल्याशिवाय एक डॉलरही भरू नका. डॉक्टरचं आणि तपासणीच्या प्रयोगशाळेचं बिल वेगळं येऊ शकतं, म्हणून तुम्हाला दोन आली असतील. जुळत नसेल तर दवाखान्याला फोन करून बाबवार बिल मागा. "डिडक्टिबल" म्हणजे वर्षातली जी पहिली रक्कम तुम्ही स्वतः भरायची ती, त्यानंतर विमा वाटा उचलायला लागतो. तुमच्या विम्यात ती किती आहे हे यजमानांना आज विचारा आणि फ्रिजवर लिहून लावा. मुलीसाठी "इन-नेटवर्क" म्हणजे विमा कंपनीच्या यादीतला बालरोगतज्ज्ञ आताच ठरवून नाव नोंदवा, आजारी पडल्यावर शोधू नका. तिची वार्षिक तपासणी आणि लसी यांसाठी बहुतेक विम्यांत यादीतल्या डॉक्टरकडे काही भरावं लागत नाही. इंग्लंडमध्ये ठणठणीत मुलाला दरवर्षी डॉक्टरकडे नेत नाहीत, इथे नेतात. त्याचा फायदा घ्या.

आणि जीवावर बेतलेलं असेल तर बिलाचा विचार न करता ९११ फिरवा. इंग्लंडचा ९९९ नव्हे, हे मुलीकडूनही पाठ करून घ्या. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा घेणाऱ्या रुग्णालयांना, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे न विचारता तपासावं आणि स्थिर करावं लागतं.

ताप मात्र तुम्ही इथे आईच्या भाषेत सांगू शकाल. नाशिकला आपण "शंभरावर गेलाय" म्हणायचो ना? अमेरिकेत थर्मामीटर तोच, फॅरनहाइट. रेडिंगला अडतीस म्हणजे किती हे मनात मोजावं लागायचं, ते संपलं. तारखेची मात्र काळजी घ्या. ३/४ म्हणजे इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. लसीकरणाची नोंद इंग्लंडहून आली असेल तर शाळेच्या फाइलमध्ये कुणी महिना आणि दिवस उलटे घातले नाहीत ना, हे एकदा जाऊन बघा. पुढे एखादी लस "वेळेआधी दिली" म्हणून परत घ्यायला लावतात.

चहाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला कळलं. परक्या घरात चहा लवकर झाला नाही की दिवसच हातातून सुटतो. दोष तुमच्या किटलीचा नाही. ब्रिटनमध्ये वीज २३० व्होल्टची, किटली तीन हजार वॉटची. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची आणि साधी किटली पंधराशे वॉटच्या आसपास, म्हणून पाण्याला दुप्पट वेळ लागतो. आधण गॅसवर ठेवा, आले किसून होईपर्यंत उकळेल. भारतातला किंवा इंग्लंडचा मिक्सर इथे लावू नका, इथल्या विजेवर चालणारा भारतीय मिक्सर एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळेल. गॅसवरचा कुकर कुठलाही चालतो.

दुकानात पावतीवर किंमत वाढलेली दिसली की फसवल्यासारखं वाटतं, कारण इंग्लंडमध्ये व्हॅट किमतीतच धरलेला असतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर वरून लागतो, पण किराणा आणि बहुतेक कपड्यांवर लागत नाही, म्हणून कधी वाढतं कधी नाही. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात पंधरा ते वीस टक्के टिप द्याच. वाढप्यांचं किमान वेतन कायद्याने इतरांपेक्षा कमी ठेवलेलं आहे, तो माणूस टिपवर जगतो. पेट्रोल भरायला गाडीतून उतरू नका. न्यू जर्सीत ते स्वतः भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, माणूस येऊन भरतो.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, घाईत लिहिलीत : कामाची परवानगी आहे की नाही माहीत नाही. माझ्या मते तुमच्या दुःखाचा निम्मा भाग इथे आहे. रेडिंगला रोज सकाळी तुमची वाट बघणारी मुलं होती. शेजारीण आली असती तरी ती जागा भरली नसती.

बदली त्याच कंपनीत झाली म्हणता, म्हणजे यजमानांचा व्हिसा बहुधा एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा असेल आणि तुमचा एल-२, म्हणजे त्यांच्या जोडीदाराचा. तसं असेल तर नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या जोडीदाराला वेगळं परवानापत्र न काढता काम करता येतं. तुमचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन उघडा. त्यावर "एल-२एस" लिहिलेलं असेल तर तोच पुरावा. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर तुम्ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहात. मग परवाना वेगळा काढावा लागतो आणि तो मिळायला सहसा त्यांच्या ग्रीन कार्डचा एक टप्पा मंजूर झालेला असावा लागतो. कंपनीच्या वकिलाला हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, यजमानांमार्फत नको. तुमच्या कामाला इथे "पॅराप्रोफेशनल" म्हणतात. शाळा-जिल्ह्यांच्या जाहिरातींत हा शब्द शोधा. इंग्लंडमधली पोलीस तपासणी इथे चालणार नाही, बोटांचे ठसे देऊन नवी करावी लागेल. आणि मुलाखतीत, कृपा करून, "आम्ही सगळ्यांनी मिळून" म्हणू नका.

कागदपत्रांना वेळ लागेल. तोवर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जा. लहान मुलांचा गोष्टींचा तास तिथे असतो, स्वयंसेवकही घेतात. उपनगरात तीच तीच माणसं दर आठवड्याला दिसण्याची ती एक जागा उरलेली आहे.

परत जायचा हट्ट? आज नको. पण दार उघडं ठेवायचं असेल तर घड्याळ बघा. इंग्लंडमध्ये तुमच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यास तो संपतो. ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर हा प्रश्न नाही. म्हणजे पहिल्या प्रकारात निर्णयाची मुदत पुढच्या वर्षीचा ऑगस्ट आहे. त्याआधी दोघांनी समोरासमोर बसून, मुलीचंही ऐकून ठरवा. कुणाच्या रागातून किंवा गप्प बसण्यातून ते ठरू देऊ नका. नॅशनल इन्शुरन्सची किती वर्षं भरली तेही ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघा. तिथल्या पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. १९८५ पासून दोन्ही देशांत करार आहे आणि कमी पडणारी वर्षं अमेरिकेतल्या कामातून धरता येतात, तेव्हा तुमच्या शाळेतली वर्षं वाया गेली असं समजू नका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. रेडिंगच्या आजोबांना पत्र लिहा. ईमेल नको, कागदावर. त्या सुपाबद्दल तुम्ही त्यांना तेव्हा किती सांगू शकलात कोण जाणे. इंग्लंडमध्ये अशा गोष्टी दोघंही न बोलता सोडून देतात. तुम्ही आता अमेरिकेत आहात, इथल्या रीतीने सगळं सविस्तर लिहा. मुलीलाही दोन ओळी लिहू द्या, तिच्या आताच्या इंग्रजीत. पोस्टातून परदेशी पत्रांसाठीचं ग्लोबल फॉरेव्हर नावाचं गोल तिकीट घ्या, साध्या पत्राला एक पुरतं. वर तारीख घालाल तेव्हा महिना अक्षरांत लिहा, म्हणजे त्यांना बरोबर वाचता येईल.